गुंजेच्या हिशेबाचा काटा: नातीच्या किटोजेनिक पथ्यासाठी घेतलेला वजनकाटा कसा निघाला

आधी निकाल सांगतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, तीन किलोपर्यंत तोलणारा, ०.१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा, वर स्टीलचा पत्रा, खाली दोन पेन्सिल सेल, किंमत दीड हजाराच्या आत. पाचपैकी साडेतीन तारे. केक करणारे किंवा कॉफीचे शौकीन याला डोळे मिटून पाच देतील. मी ज्या कामासाठी घेतला त्या कामात दीड तारा कापणं भाग आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातून निघालेले काटे निरनिराळी स्टिकरं लावून विकले जातात. आतलं यंत्र एकच.

माझा अधिकार काय, तर गुजरीत सोनारकामात आयुष्य गेलं. कोल्हापुरातल्या लोकांना गुजरी सांगायला नको; बाहेरच्यांसाठी, अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची पेठ. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणजे मासा जवळजवळ ग्रॅमभर आणि गुंज ०.१२ ग्रॅम. साधा स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने सरकतो, तो माशाच्या हिशेबाचा. हा ०.१ वाला गुंजेच्या हिशेबाचा. घरी हे काम माझ्याकडे आलं ते यामुळेच. सूनबाई रांधते, मी तोलतो.

नात पाच वर्षांची आहे. अपस्मार. चालता चालता मान गळायची आणि पोर तोंडावर आपटायची. दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊन झाली, झटके थांबेनात. दोन योग्य औषधं नीट देऊनही उपयोग झाला नाही की डॉक्टरांच्या भाषेत तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. तिथून पुढे तिसऱ्या-चौथ्या औषधाने झटके पूर्ण थांबण्याची आशा बरीच कमी होते, म्हणून तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी औषधांच्या जोडीला किटोजेनिक पथ्य, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी थोडी कर्बोदकं असलेला आहार, सुचवलं. वजन उतरवायला लोक करतात ते किटो वेगळं. हे दवाखान्यात दाखल करून, रक्त-लघवी तपासून, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू होतं. काही चयापचयाच्या आजारांत हे पथ्य जिवावर बेतू शकतं. तेव्हा हे वाचून कोणी घरच्या घरी सुरू करू नका. मी फक्त काट्याबद्दल लिहितोय.

काटा किती बारीक हवा हे ठरवायचं तर पथ्याचं गणित आधी बघावं लागतं. आम्हाला दिलेलं प्रमाण चारास एक. चार ग्रॅम स्निग्ध पदार्थाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम. स्निग्धाचे ग्रॅमला नऊ कॅलरी, बाकीच्यांचे चार. म्हणजे छत्तीसला चार, नव्वद टक्के ऊर्जा तूप-तेल-सायीतून. तीनशे कॅलरीच्या जेवणात तीस ग्रॅम स्निग्ध आणि बाकी सगळं मिळून साडेसात ग्रॅम. त्या साडेसातात वाढत्या वयाच्या मुलीची प्रथिनं बसवायची. कर्बोदकांना उरतात दोन ग्रॅम.

आता चूक करून बघू. तूप ग्रॅमभर कमी पडलं तर प्रमाण चारावरून ३.८७ वर येतं. फार बिघडलं नाही. कर्बोदक ग्रॅमभर जास्त गेलं तर ते ३.५३ वर घसरतं. एकाच ग्रॅमची चूक, पण दोन्हीकडे तिची किंमत वेगळी. काकडी, दुधी, कोबी ग्रॅमभर इकडेतिकडे झाली तरी त्यांच्यात पाणीच जास्त, काही होत नाही. बदामाचं पीठ, शेंगदाणे, सुकं खोबरं, दूध यांना मात्र बारीक काटा हवा. म्हणजे ताटातल्या तीन-चार जिनसांसाठीच ०.१ ची गरज आहे. दुकानदार हे सांगणार नाही.

पण चारास एक हे कोणी ठरवलं? तोलायचं असेल तर वजनं कुणी पाडली हे मला माहीत हवं. मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने लेख काढून आणले आणि मराठीत समजावून सांगितले. त्यातून एक माणूस सापडला आणि माझ्या डोक्यात बसला: जॉन फ्रीमन, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर. जन्म १९३३, निधन २०१४.

पथ्य त्यांनी शोधलेलं नाही. उपाशी राहिलं की झटके कमी होतात हे लोकांना फार पूर्वीपासून दिसत होतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी विचार मांडला की उपास न करता, भरपूर स्निग्ध खाऊ घालून शरीराला उपासाचाच भास द्यावा. किटोजेनिक हे नावही त्यांचंच. त्याच दवाखान्यातल्या पीटरमन यांनी मुलांसाठी ग्रॅमचा हिशेब बसवला: वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिन, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदक, उरलेलं सगळं स्निग्ध. शंभर वर्षांनंतर माझ्या ओट्यावरचा तक्ता त्याच्या फार लांब नाही. मग १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध आणलं आणि गोळी मिळाल्यावर तूप तोलत कोण बसणार? पथ्य मागे पडत गेलं. हॉपकिन्समध्ये मात्र मिलिसेंट केली नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी ते कित्येक दशकं हातचं सोडलं नाही. डॉक्टरांची नावं सगळे घेतात, पण कागद-पेन्सिलीने एकेका मुलाचं एकेक जेवण गणित करून बसवणारी ही बाई नसती तर फ्रीमन यांच्या हाताशी तपासायला काही उरलंच नसतं.

फ्रीमन १९६९ मध्ये हॉपकिन्समध्ये परतले आणि १९९० पर्यंत मुलांचा मेंदूविकार विभाग त्यांच्याकडे होता. रुळलेल्या चालीरीतींवर त्यांचा विश्वास कमी. तापात एखादी आकडी आली की मुलाला वर्षानुवर्षं रोज फिनोबार्बिटोन देण्याची पद्धत होती. त्यावर १९८० मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि सरसकट औषध नको असं ठरलं. ते एकमत लिहून काढणारे हेच. मेंदूचा एक अर्धा भाग सतत झटके पेटवत असेल तर तो काढून टाकण्याची शस्त्रक्रिया बहुतेकांनी सोडून दिली होती, ती हॉपकिन्समध्ये पुन्हा जोमाने सुरू झाली त्यामागेही हेच आणि त्यांच्या सहकारी आयलीन वायनिंग. १९६८ ते १९९६ या काळातल्या ५८ मुलांचा लेखाजोखा त्यांच्या गटाने छापला. ऐकताना अंगावर काटा येतो. माझ्या कामाचा भाग तो नाही, म्हणून इथेच सोडतो.

पथ्याकडे जगाचं लक्ष गेलं ते १९९३ नंतर. हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स यांच्या लहान मुलाला, चार्लीला, औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली, झटके काही थांबले नाहीत. बापाने ग्रंथालयात स्वतः शोधून हे पथ्य काढलं आणि पोराला बाल्टिमोरला फ्रीमन आणि केलीबाईंकडे नेलं. काही दिवसांत झटके थांबले. बापाने संस्था काढली, टीव्हीवर कार्यक्रम झाले, आणि हॉपकिन्सवर आईबापांची रीघ लागली.

आता इथे दुसरा एखादा डॉक्टर चार्लीचा फोटो भिंतीवर लावून मोकळा झाला असता. फ्रीमन मोजायला बसले. १९९८ मध्ये त्यांनी १५० मुलांचा अभ्यास छापला. सगळी अशी की बरीच औषधं करून झालेली. वर्षानंतर ५५ टक्के मुलं पथ्यावर टिकली होती आणि २७ टक्के मुलांचे झटके नव्वद टक्क्यांहून जास्त उतरले होते. सत्तावीस हा आकडा छोटा वाटेल. पण मला आवडली ती मांडायची पद्धत. पथ्य सोडून गेलेल्यांना त्यांनी हिशेबातून वगळलं नाही, भागाकार पूर्ण १५० नेच केला. सोनं आटवताना मुशीत थोडं जातं, त्याला आम्ही घट म्हणतो. घट लपवून नुसत्या उरलेल्या लगडीचा कस सांगणारा सोनार गिऱ्हाइकाला हवाहवासा वाटतो, पण तो चोख नसतो. फ्रीमन यांनी घट धरून हिशेब दिला.

तरी एक प्रश्न राहिला. पथ्य करणाऱ्या आईबापांना माहीत असतं की आपण पथ्य करतोय. आशेने झटके कमी मोजले जात असतील तर? जेवण लपवायचं कसं? गोळी खोटी देता येते, तूप खोटं देता येत नाही. फ्रीमन यांनी युक्ती काढली. फार अवघड जातीच्या अपस्माराची, लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोमची, वीस मुलं घेतली. सगळ्यांना पथ्यच, पण सोबत प्यायला एक द्रावण. कुणाला ग्लुकोजचं, जे पथ्य मोडून टाकेल, कुणाला सॅकरिनचं, जे नुसतं गोड लागेल. काही दिवसांनी अदलाबदल. कुणाला काय चाललंय हे आईबापांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. मोजणी चोवीस तासांच्या ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीवर. २००९ मध्ये निकाल छापला: झटके सुरुवातीपेक्षा कमी झाले, पण ग्लुकोज आणि सॅकरिन यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरला नाही. ग्लुकोजने किटोन, म्हणजे स्निग्ध जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ, पूर्ण पुसले गेले नव्हते, हेही त्यांनीच लिहिलं.

वय पंचाहत्तरी ओलांडलेलं, ज्या उपचारासाठी जग ओळखतं त्याचीच परीक्षा घेतली, निकाल मनासारखा आला नाही, तो छापला. मी गुजरीत असे सराफ फार थोडे बघितले.

(त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या हेलन क्रॉस यांच्या गटाने १४५ मुलांत चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. तीन महिन्यांनी झटके निम्म्याहून कमी झाले असे पथ्यातले ३८ टक्के, पथ्याची वाट बघत थांबलेल्यांतले ६ टक्के. म्हणून आमच्या डॉक्टरांनी पथ्य सुचवताना हात आखडला नाही.)

आता काट्याकडे. घरी आणल्यावर पहिलं काम दुकानातली शिक्क्याची वजनं लावणं. आमच्या धंद्यातल्या काट्यांना वैधमापनवाल्यांचा दरवर्षी शिक्का लागतो. या काट्याच्या खोक्यावर व्यापारासाठी नाही असं बारीक अक्षरात छापलेलं आहे. ०.१ दाखवणं वेगळं आणि ०.१ खरं असणं वेगळं. पाच, वीस, पन्नास ग्रॅमला बरोबर निघाला. कोपऱ्यात वजन सरकवलं तर पन्नासला ४९.९. दोन किलोला ग्रॅमभर हलका. पण दोन किलो तोलायचंय कुणाला? ताटातल्या जिनसा पन्नाशीच्या आतल्या. या बाबतीत पूर्ण गुण.

दीड तारा कुठे गेला ते सांगतो.

पहिली खोड दिसायला क्षुल्लक, कामात घातक. आकडा शून्यावर स्थिर राहावा म्हणून या काट्यांत एक सोय असते. शून्याजवळची बारीक हालचाल ते आपोआप गिळतात. वाटी ठेवून शून्य केलं आणि बदामाचं पीठ चिमटी-चिमटीने टाकत गेलं तर काटा बराच वेळ शून्यच दाखवतो. पीठ वाटीत दिसतंय आणि काटा म्हणतो काही नाही. ज्या जिनसांसाठी ०.१ हवा, नेमक्या त्याच आपण हळूहळू टाकतो. यावर तोड उलटं तोलणं: पिठाचा डबाच काट्यावर ठेवायचा, शून्य करायचा, आणि चमच्याने एकदम काढून घ्यायचं. वजा किती झाले तेवढं आपल्या ताटात आलं. चमचाभर एकदम उचललेलं काटा गिळत नाही. एवढ्यासाठी पाऊण तारा कापला, कारण माहितीपत्रकात याचा एक शब्दही नाही.

दुसरी खोड, काटा आपोआप बंद होतो. दोनेक मिनिटं हात लावला नाही की गेला, आणि मघाशी शून्य केलेलं ताटही विसरला. पोरीचा हात धरायला उठावं लागलं की परत पहिल्यापासून. ही सोय बंद करायचं बटण नाही. तक्रारीचा फोन केला तर पलीकडच्या मुलीने मला सेल बदलून पाहायला सांगितलं. अर्धा तारा गेला.

उरलेला पाव तारा पत्र्याच्या कडेसाठी. तुपाचा थेंब खाली झिरपतो आणि पुसता येत नाही.

पंख्याबद्दल: ०.०१ वाले खिशातले काटे पंख्याखाली थरथरतात, त्यांना काचेची पेटी लागते. हा ०.१ वाला पंखा चालू असतानाही थांबतो. म्हणून ०.०१ चा घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. शिवाय तो बहुधा पाचशे ग्रॅमचाच असतो आणि स्टीलचं ताटच त्यातले तीनशे खातं.

पण काट्यापेक्षा मोठी चूक ताटातच राहते. पातळ केलेलं तूप वाटीत तोललं, पोरीला पाजलं, रिकामी वाटी परत तोलली. १.२ ग्रॅम वाटीलाच चिकटलेलं. मी गुंजेगुंजेचा हिशेब करायचा आणि बारा मासे नाही तरी एक मासा भांड्याला द्यायचा! तेव्हापासून रबरी उलथनं काट्याच्या शेजारी असतं आणि वाटी निपटून देतो. नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा हा आमच्या घराचा मोठा आधार झाला, त्यात तूप-खोबरेल मिसळून जातं आणि वाटीला कमी लागतं. खसखस, काजू त्यात टाकायचे तर तोलून. सूनबाईने तांबड्याऐवजी पांढऱ्यावरच घर चालवायला घेतलंय.

आणि काट्यावर कधी न येणाऱ्या गोष्टी. औषधाची पातळ बाटली साखरेच्या पाकातली असू शकते. डॉक्टरांना विचारून ती गोळीत बदलून घ्यावी लागली. देवळातला प्रसादाचा लाडू. शेजारच्या काकूंनी प्रेमाने जिभेवर ठेवलेली खडीसाखर. यांच्यापुढे ०.१ काय करणार?

मग इतका बारीक काटा हवाच का? हा प्रश्न फ्रीमन यांच्याच विभागातून पुढे आला. एरिक कॉसॉफ हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. काही घरांनी कालांतराने तोलणं सोडून दिलं होतं आणि तरी मुलं ठीक होती, हे त्यांच्या लक्षात आलं. २००३ मध्ये सहा रुग्णांवर आणि २००६ मध्ये वीस मुलांवर त्यांनी सुधारित अ‍ॅटकिन्स पथ्य तपासून छापलं: उपास नाही, तोलणं नाही, प्रथिनांवर बंधन नाही, फक्त कर्बोदक दिवसाला दहा ग्रॅमच्या आत आणि स्निग्ध भरपूर. उपासाने सुरुवात करण्याची जुनी चालही २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या अभ्यासाने सैल केली. हळूहळू सुरू केलं तरी तीन महिन्यांनी फळ तेवढंच. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर सुधारित अ‍ॅटकिन्स तपासलं, २०१३ मध्ये छापलं: निम्म्याहून जास्त उतार पथ्यातल्या ५२ टक्क्यांना, इतरांत साडेअकरा टक्क्यांना. ज्या घरात काटा नाही आणि आईला अक्षरओळख कमी, तिथे हे पथ्य पोहोचू शकतं. माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो, तुमच्या डॉक्टरांनी अ‍ॅटकिन्स दिलं असेल तर हा काटा घेऊ नका, साधा एक ग्रॅमवाला घरात असेल तो पुष्कळ झाला.

आमच्या पोरीला चारास एकच सांगितलंय, म्हणून तोलतो. झटके पूर्ण गेलेले नाहीत. पडणं फार कमी झालं, औषधं चालूच आहेत, शाळेत परत जाते. डबा मी तोलून देतो.

घेणाऱ्यांनी एवढं बघावं. कमाल वजन दोन-तीन किलो, मोजणी ०.१. दुकानात उभं राहून चिमटीने साखर टाकून पाहा, किती टाकल्यावर आकडा हलतो. पन्नास किंवा शंभर ग्रॅमचं प्रमाणित वजन वेगळं विकत घ्या, सोबत येत नाही, आणि आठवड्यातून एकदा लावून बघा. वॉरंटी वर्षाची आहे. ज्या मुलांना पथ्य लागू पडतं त्यांचं ते साधारण दोन वर्षं चालतं, तेव्हा मी दुसरा काटा आताच घेऊन ठेवलाय, वेगळ्या स्टिकरचा.